उपासना कोरडी वाटू लागली म्हणजे विश्वास मेला का?

सलाम. तुमचा प्रश्न सावकाश वाचला. थोडक्यात तो असा: नगर जिल्ह्यातल्या खेड्यात ख्रिस्ती घरात जन्म, तान्हेपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (जाणतेपणी विश्वासाला दिलेला जाहीर होकार), आता पिंपरीत नोकरी. दर रविवारी बायको-मुलांना घेऊन चर्चला जाता, पण विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरीव कबुली, म्हणताना ओठ हलत असतात आणि डोक्यात घराचा हप्ता घोळत असतो. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेता, आत काहीच हलत नाही. मग एका सहकाऱ्याने घरगुती फेलोशिपला नेलं. तिथे गाणी चालू असताना तुम्हाला रडू आलं. तेव्हापासून तिथले बंधू सांगतायत की तुमच्या चर्चचे विधी मेलेले आहेत, तान्हेपणीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी, आता बुडीचा बाप्तिस्मा घ्या. पत्नी म्हणते, आपली मंडळी, म्हणजे आपला चर्चचा समुदाय, सोडायची नाही. आणि तुम्ही विचारता: इतकी वर्षं मी ढोंग करत होतो का? चर्च सोडू का?

मध्येच एक ओळ लिहून तुम्ही झटकन पुढे गेलात. वडिलांच्या माघारी घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे. त्या ओळीकडे मी नंतर येतो.

माझं आयुष्य मराठी मंडळ्यांमध्ये पाळकाचं काम करण्यात गेलं, आधी खेड्यांतून आणि मग शहरात. हा प्रश्न मला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी विचारला आहे, संडेस्कूलच्या बाईंनी विचारला आहे, कॉलेजच्या पोरांनी तर कितीदा तरी. तरी तुमचं चर्च मी पाहिलेलं नाही आणि ती फेलोशिपही नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे हा कोरडेपणा कधीपासूनचा आहे. वडील गेल्यापासूनचा असेल तर त्यात शोकाचा वाटा मोठा असणार. झोप येत नाही, जेवणावरची वासना उडाली आहे, कामात, पोरांत, कशातच मन रमत नाही, असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. खचलेल्या माणसासाठी मी प्रार्थना करतोच, पण त्याला डॉक्टरकडेही धाडतो. मनाच्या आजाराला अविश्वास ठरवून माणसावर दुप्पट ओझं टाकलेलं मी पाहिलं आहे, आणि ते फार वाईट असतं.

तसं काही नसेल, तर मुद्द्याकडे येऊ. तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: भावना न जागणं, सवयीने तोंडपाठ म्हणणं आणि ढोंग. फेलोशिपच्या बंधूंनी तिन्हींना ‘मेलेला विधी’ असं एकच नाव देऊन टाकलं. ढोंग करणारा लोकांनी पाहावं म्हणून करतो आणि करून झाल्यावर समाधानाने घरी जातो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) तसा आहे, मंदिरातून निघताना त्याला कसलीच चुटपुट नाही. तुम्हाला मात्र चुटपुट लागली आहे. म्हणून ढोंगाचा आरोप तुम्ही स्वतःवर घेऊ नका. तोंडपाठ म्हणण्याचं काय करायचं ते पुढे सांगतो. राहिली भावना, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पोकळ विधींवर पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, सर्वांत कडक कोण बोललं, तर संदेष्टा आमोस. तकोवा गावचा मेंढपाळ, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकातला. उत्तरेकडच्या राज्यात, बेथेलच्या पवित्रस्थानात जाऊन तो सांगतो की देवाला तुमचे सण नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, तुमच्या वीणा नकोत. हा पाचवा अध्याय आपण पुष्कळदा ऐकतो. पण चौथ्या अध्यायात एक गोष्ट आहे तिकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. तिथे तो म्हणतो की अर्पणं आणा, दशमांश आणा, त्यांचा गाजावाजा करा, कारण हे तुम्हाला आवडतं. म्हणजे बेथेलची उपासना कोरडी नव्हती. लोक हौसेने येत होते, मनापासून गात होते, बहुतेक डोळेही पुसत असतील. तरी देवाने ती नाकारली. का नाकारली, ते त्याच पुस्तकात आहे: एका पायतणाच्या जोडापायी गरिबाला विकणारे हे लोक होते. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो आणि लहान माप, खोटा तराजू घेऊन धान्य विकायला कधी बसतो, याची त्यांना घाई झाली होती. आमोस त्यांच्या भावना तपासत बसत नाही. तो वेशीत जातो, बाजारात जातो, तराजू बघतो.

माझं सगळं म्हणणं यातून निघतं. विधी पोकळ होतो तो भावना आटल्यामुळे नाही. रविवारच्या दीड तासाला आणि उरलेल्या आठवड्याला आपण एकमेकांपासून तोडून ठेवतो, त्यामुळे होतो. कोरडी उपासना खरी असू शकते आणि भिजलेली उपासना पोकळ असू शकते. फेलोशिपमध्ये तुम्ही रडलात ते चांगलं झालं, त्याबद्दल देवाचे आभार माना. पण त्या रडण्यावरून तिथला विश्वास खरा आणि चर्चमधला खोटा, असा निकाल लागत नाही.

प्रभू येशू स्वतः नेमाने उपासनेला जाणारा होता. लूक लिहितो की तो आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला. गेथशेमाने बागेत, आयुष्यातल्या सर्वांत कठीण रात्री, त्याने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तेव्हा तेच शब्द पुन्हा म्हटले, असं मत्तय सांगतो. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, लहानपणापासून पाठ असलेलं. स्वतःचे शब्द सुचू नयेत अशा वेळी पाठ केलेलंच कामाला आलं. वसईकडचे माझे कॅथलिक मित्र जपमाळेबद्दल हेच विचारतात आणि त्यांनाही मी हेच सांगतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने व्यर्थ बडबड मना केली ती पुष्कळ बोललं की देव ऐकतो अशा समजुतीपायी केलेली. आणि त्याच अध्यायात त्याने शिष्यांना एक ठरीव प्रार्थना शिकवली, जी आपण आजही म्हणतो.

मत्तयाच्याच तेविसाव्या अध्यायात प्रभू परुश्यांना फटकारतो, पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी सोडता म्हणून. त्याच वाक्याचा शेवट मात्र असा आहे की या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. प्रवचनांतून हा शेवट बहुतेक गाळला जातो. तो गाळला की ‘विधी वाईट, मन चांगलं’ एवढंच सोपं समीकरण हाती उरतं.

चांगला विधी पोकळ कसा होत जातो ते मी सुगीच्या सणात जवळून पाहिलं आहे. तुम्ही नगर भागातले, तुम्हाला चित्र माहीत आहे: वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, पाटीभर अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव. या सणाचं मूळ जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. पहिल्या पिकाची टोपली घेऊन यायचं आणि ठरवून दिलेले शब्द मोठ्याने म्हणायचे: आमचा पूर्वज भटका अरामी होता, तो मिसर देशात उपरा म्हणून राहिला, तिथे आमचा छळ झाला, देवाने आम्हाला सोडवलं. शब्द ठरलेले, सगळ्यांना तेच. आणि लगेच पुढे आज्ञा अशी की लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला माणूस) आणि तुमच्यात राहणारा उपरा यांच्यासह आनंद करा. आपण उपरे होतो हे म्हणायचं आणि आज जो उपरा आहे त्याला पंगतीला घ्यायचं. म्हणणं आणि वाटून घेणं एकाच दमात.

एका मंडळीत मी गेलो तेव्हा या सणाचं रूप असं झालं होतं की एक अंडं हजारांच्या बोलीला जाई, बोली लावणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारलं जाई, आणि देणाऱ्यांची यादी मोठ्या रकमेकडून छोटीकडे वाचली जाई. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी एक म्हातारी पदरात बांधून पायलीभर बाजरी आणायची. यादीत तिचं नाव शेवटी, आणि बरेचदा तेवढ्यात लोक उठलेले असत. तिथल्या कोणाचाही विश्वास खोटा होता असं मी म्हणणार नाही. सण हळूहळू सरकत गेला होता, एवढंच. आम्ही पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत, बसून दोन गोष्टी ठरवल्या. नावं आणि रकमा वाचायच्या नाहीत. आणि लिलावाचे पैसे कुठे जाणार हे आधीच सांगायचं. त्या वर्षी ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी ठेवले, कारण त्याच महिन्यांत त्यांची शाळा सुटते. पहिल्या वर्षी रक्कम घटली. दोन मोठे देणगीदार रुसले, त्यांतले एक पुढेही आलेच नाहीत. पण सण राहिला. तो बंद करा म्हणणारेही कमिटीत होते, आणि मला ते कधीच पटलं नाही. बंद केला असता तर म्हातारीची बाजरी वेदीवर ठेवायला जागाच उरली नसती.

कधी कधी मोडावंही लागतं, हे खरं आहे. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेला पितळेचा सर्प हिज्कीया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. पण ती वेळ येईपर्यंत दुरुस्तीची वाट असते, आणि दुरुस्ती आत राहूनच होते.

आता तुमच्या त्या एका ओळीकडे. भावाशी अबोला आहे म्हणून प्रभुभोजन कोरडं लागतं, असं मी म्हणत नाही. माणसाचं मन इतकं सरळ चालत नाही, आणि वाटणीत चूक कोणाची हेही मला माहीत नाही. पण प्रभूने वेदी आणि भाऊ यांना एकत्र बांधलं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की अर्पण वेदीजवळ आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत होती. म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट करून परत जायचं आणि पुन्हा यायचं. आणि यातही ‘मग येऊन अर्पण कर’ आहेच.

एका खेड्यात दोन चुलतभाऊ होते, विहीर सामाईक. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, पांढऱ्या कापडाखाली भाकरीचे तुकडे आणि छोट्या पेल्यांचा ट्रे. ट्रे ओळीतून सरकत थोरल्याजवळ आला आणि त्याने तो न घेताच पुढे दिला. शेजारच्याने कोपराने ढोसलं, तरी घेतला नाही. उपासनेनंतर मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘साहेब, पाळी त्याची होती, अन् राती मोटर मी बंद केली.’ संध्याकाळी तो धाकट्याकडे गेला. भांडण त्या दिवशी मिटलं नाही. धाकट्याने मागचं सगळं उकरून काढलं, आवाज चढले. पुढे चौघांत बसून पाण्याच्या पाळ्या वहीत लिहून घेतल्या, दोघांनी खाली सह्या केल्या. बोलणं आखडतंच राहिलं, पण मोटर पुन्हा कोणी बंद केली नाही आणि पुढच्या महिन्यात दोघांनी प्रभुभोजन घेतलं. त्या सबंध वर्षात त्या चर्चमध्ये यापेक्षा खरी उपासना झाली असेल असं मला वाटत नाही, आणि ती ट्रे पुढे देण्यापासून सुरू झाली होती.

करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने याच कारणासाठी खडसावलं. एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, तर तुमचं ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं तो म्हणतो. पण उपाय काय सांगतो पाहा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून दूर राहावं, असं तो म्हणत नाही. म्हणून प्रभुभोजन सोडू नका. त्याआधी भावाला फोन करा. वाटणीचा विषय पहिल्या फोनवर काढू नका, तब्येत विचारा, पोरांचं विचारा. त्याने उचलला नाही तर रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने सवलत ठेवली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. हक्काचा वाटा सोडून द्या असंही मी म्हणत नाही. कज्जा चालू असतानाही माणसाशी बोलता येतं.

बाप्तिस्म्याबद्दल बोलायचं तर मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, संस्कृतच्या पंडिता, समजून-उमजून घेतलेला निर्णय. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो अजून मिळाला नव्हता. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या, 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं होतं. आणि नंतर, 1896-97 च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांनी केडगावला ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी केली. यात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. जाणत्या वयातला बाप्तिस्माही कोरडेपणापासून वाचवत नाही, तेव्हा बुडी मारून वर आलात की विश्वासांगीकारात घराचा हप्ता आठवणार नाही, अशी आशा धरू नका. आणि बाप्तिस्मा व ख्रिस्ताची ओळख यांत वर्षांचं अंतर पडलं म्हणून आधीचं सगळं खोटं ठरत नाही.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग मिशनमध्ये कित्येक वर्षांची सेवा, आणि 1917 मध्ये ती नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही बंधुमंडळी, जिच्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती. चर्चच्या साचेबंदपणाला ते कंटाळले होते, पण भजन-कीर्तन त्यांनी वाढवलं, टाकलं नाही. आज त्यांचीच भजनं आपण पान नंबर सांगून, लक्ष भलतीकडे ठेवून गातो. दोष भजनाचा नाही.

म्हणून तोंडपाठ म्हणण्याबद्दल एवढंच करा. सगळ्या उपासनेत मन लावायचा हट्ट सोडा. रविवारी निघण्यापूर्वी एकच वाक्य निवडा. पुढचे काही आठवडे प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे घ्या, आणि ते आलं की मनात एका माणसाचं नाव घ्या. बाकीची उपासना ओठांनी झाली तरी चालेल. तुमच्या बाजूला बसलेली माणसं ती म्हणत असतात, तुमच्या वाटचीही. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्र वाचा, अठ्ठ्याऐंशीवंसुद्धा, जे अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. आणि महिन्याला काही रक्कम अशी द्या की कोणाला कळणार नाही, चर्चच्या पावतीवरही येणार नाही. पैशाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. विश्वास रोजच्या जगण्यात उतरला की नाही हे मला बहुतेक वेळा तिथेच आधी दिसलं आहे.

राहिली फेलोशिप. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा न मानणारे लोक 1525 पासून, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पहिल्या गटापासून आहेत. त्यांतल्या अनेकांनी या मतापायी जीव दिला आहे, तेव्हा त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका नको. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये नागपूरला स्थापन झाली तेव्हा तिच्यात जाणतेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही सामील झाले, आणि दोन्ही पद्धतींना तिने एकाच घरात जागा दिली: तान्हेपणी बाप्तिस्मा देऊन पुढे दृढीकरण, किंवा बालकाचं समर्पण करून जाणतेपणी बाप्तिस्मा. मात्र एकदा झालेला पुन्हा करायचा नाही. मला हे योग्य वाटतं. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला देवाच्या हाती दिलं, आणि दृढीकरणात तुम्ही त्याला स्वतःच्या तोंडाने होकार दिलात. तो होकार तेव्हा कच्चा वाटला असेल तर आज पुन्हा द्या, त्याला नवं पाणी लागत नाही.

गाण्यासाठी, प्रार्थनेसाठी तिथे जायला माझी हरकत नाही. फक्त तिथेही आमोसाचीच कसोटी लावा. भावाशी बोलत नाही हे त्यांना सांगितलंत का, आणि ऐकून त्यांनी काय केलं? जमलेल्या पैशांचा हिशोब सगळ्यांना दिसतो का? पुढाऱ्याला प्रश्न विचारलेला चालतो का? आजारी पडलात तर दवाखान्यात कोणी येतं का? आणि विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडा, असं कोणी म्हणालं, तर त्याच दिवशी तिथून बाहेर पडा, त्यात दुसरा विचार करू नका. हेच प्रश्न तुमच्या चर्चलाही विचारा. उत्तरं दोन्हीकडे सारखी मिळतीलच असं नाही, आणि चर्चची उत्तरं कमी पडली तर ती कमिटीपुढे मांडायचा तुम्हाला हक्क आहे.

बाप्तिस्म्याचा निर्णय निदान पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) लांबणीवर टाका. तोवर पत्नीला बरोबर घेऊन तुमच्या पाळकांना भेटा, आणि फेलोशिपला जाता हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा.